शंभरावा चिंचोका

ही गोष्ट मी बायकोला सांगितली नाही, मुलांना नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही त्याला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ अजून उचलत नाही.

तसं बघितलं तर काय मोठंसं? शेकडेवारीचं एक गणित. सातवीतलं पोरगं बोटांवर सोडवील असं. मी कुणाचा गळा कापला नाही, कुणाच्या गंजीला आग लावली नाही. कितीतरी वर्षं स्वतःची अशीच समजूत घालत आलो. ती पटली असती तर आज हे लिहायला बसलो असतो का?

निजामाचं राज्य होतं. आमचं गाव तेरपासून चालत तासाभरावर. शाळा उर्दूची, घरी मराठी. मास्तर ‘फी सदी दस’ म्हणायचे, माझा बाप ‘शेकडा दहा’ म्हणायचा, आणि दोन्ही एकच, हे माझ्या डोक्यात शिरायला वर्ष गेलं. ते शिरवलं करीमनं. करीम पिंजाऱ्याचा मुलगा. त्याचा बाप गावोगाव कापूस पिंजत फिरायचा. वर्गात आम्ही एकाच तरटावर बसायचो, आणि आमचा दोघांचा एक रिवाज होता. पुस्तकातलं गणित तो मला मराठीत फोडून सांगायचा, आणि ते सोडवायचं कसं, हे मी त्याला. एकाशिवाय दुसऱ्याचं चालत नसे. अर्थ सांगताना त्यानं कधी एक शब्द गाळला नाही. अडला तर मशिदीत जाऊन मौलवींना विचारून यायचा — माझ्यासाठी. हे मी मुद्दाम सांगतोय.

सातवीनंतर धाराशिवच्या मोठ्या शाळेत जायचं तर वजीफा मिळवायला हवा होता. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं सरकारचं. आमच्या शाळेला तो एकच असायचा, आणि मिळण्याजोगे दोघंच होतो, करीम आणि मी. याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. त्याच्या मनात ते आलं तरी होतं का, कोण जाणे. माझ्या मनात मात्र दुसरं काही नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही चिंचेखाली बसलो होतो. गणित होतं बकऱ्यांचं. शंभर बकऱ्या, एका वर्षी शेकडा दहा वाढल्या, पुढच्या वर्षी शेकडा दहा मेल्या, राहिल्या किती? करीमला कागदावरच्या आकड्यांचा भरवसा नसे, तो चिंचोके मांडायचा. त्यानं शंभर मांडले. वर दहा घातले, एकशेदहा झाले. मग डोकं खाजवत त्या एकशेदहांचे शेकडा दहा काढले — अकरा. ते बाजूला केले आणि उरलेले मोजले. नव्व्याण्णव. पुन्हा मोजले.

“एक कमी यायलाय बघ,” तो म्हणाला. “दहानं वाढल्या, दहानंच मेल्या, मग एक कुठं गेली?”

त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या वर्षीचा शेकडा एकशेदहांवर धरायचा, शंभरावर नाही, सगळी गोम तिथंच. मास्तरांनी हे समजावलं त्या दिवशी तो बापाबरोबर पिंजायला गेला होता. मी वर्गात होतो. शिकवल्यावाचून तो तिथं पोचला होता. आणि मी — मी म्हणालो, “अकरा कुठून आणलेस? शेकडा दहा म्हंजे दहा.” बाजूला काढलेल्यांतला एक चिंचोका उचलून मी त्याच्या राशीत टाकला. “झाले की शंभर.”

त्यानं रास पुन्हा मोजली. मग हसला.

“तू म्हणतोस तर असंल.”

हात आधी गेला आणि मन मागून आलं, असं सांगायला मला आवडलं असतं. पण तसं नव्हतं. हात जायच्या आधी मी विचार केला होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात बकऱ्यांऐवजी एक गाव आलं. आबादी हजार, शेकडा दहा वाढली, शेकडा दहा घटली. ‘आबादी’ म्हणजे गावातली माणसं, हे मला करीमनंच सांगितलेलं. मी नऊशे नव्वद लिहिलं. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, “हजारच ना?” मी म्हणालो, “हजारच.”

पेपर परत मिळत नसत, नुसते गुण कळत. वजीफा मला मिळाला. करीम दोन-तीन गुणांनी मागं पडला, तेही हिशेबात. कुठलं गणित चुकलं, हे त्याला कधी कळलं नाही. आपलं डोकंच आकड्यांचं नाही, एवढं त्यानं त्यातून घेतलं. मी निघालो तेव्हा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन वेशीपर्यंत आला तो तोच.

धाराशिवला खोलीत बारा पोरं होती आणि मी एकटा होतो. कुणी जवळ येऊन बसलं की वाटायचं, याला काय हवंय? मीच असा, तर दुसरा कसा असेल? ती खोड पुढं संसारातही गेली नाही. लोक मला अबोल म्हणतात. अबोल कसला — भ्यालेला.

दोन वर्षांनी सुट्टीत गावी आलो होतो. लहान मुलांच्या शाळेला मास्तर हवा होता, सातवी पास चालणार होता. पाटलांनी करीमला चावडीवर बोलावलं. त्यानं मान खाली घातली.

“न्हाय जमायचं, पाटील. माझं हिशेबात लई कच्चं हाय. लेकरांला चुकीचं शिकवीन.”

पाटील माझ्याकडं वळले. “व्हय का रे? तू तर त्याच्यासंगंच शिकलास.”

आता मला कशाची भीती होती? वजीफा कुणी काढून घेणार नव्हतं. फक्त करीम माझ्याकडं कसा बघेल, एवढीच. आणि तेवढ्यासाठी मी म्हणालो, “व्हय.”

करीमनं माझ्याकडं बघून मान हलवली. मी खरं बोललो, असं त्याला वाटलं.

तो जन्मभर पिंजत राहिला. कापूस किती आला, पिंजून किती भरला, किती तूट गेली, सगळं स्वतःच मांडायचा आणि तरी कुणाकडून तरी ताडून घ्यायचा. मी गावात असलो की माझ्याकडून. मी बघायचो. एकदाही चूक सापडली नाही. मी “बरोबर” म्हणायचो आणि कागद त्याच्या हातात द्यायचो. “तू बघितलंस, आता फिकीर न्हाय,” असं म्हणून तो उठायचा. मरेपर्यंत.