मीठवाल्या बाईंचं आडनाव

मी पनवेल सोडलं तेव्हा आईने माझ्यावरून मीठमोहरी उतरवून चुलीत टाकली. बा मात्र मिठागरात फळीने मीठ ओढत राहिला. बांधावरून हाक मारली तरी त्याने मान वर केली नाही. आदल्या दिवशी एवढंच म्हणाला होता, "गेलेलं मानूस परत आपलं ऱ्हात नाय." मी जर्मनीतल्या कारखान्यात काम शिकायला निघालो होतो, मला रागच आला. बोटीवर रडलो ते मात्र त्याच वाक्याने.

हेसेन प्रांतातल्या एका लहान गावात खोली मिळाली. मालकीणबाई साठीच्या, एकट्या, आडनाव झाल्त्समान. पहिल्याच संध्याकाळी त्या दारात आल्या, एका हातात पाव आणि दुसऱ्या हातात मिठाची वाटी. आता तुम्हीच सांगा, आपल्यातल्या माणसाने मीठ हातात घ्यावं? हातातून हातात मीठ गेलं की भांडण ठरलेलं, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. मी दोन्ही हात मागे घेतले आणि मोडक्या जर्मनमध्ये म्हणालो, "खाली ठेवा." बाईंचा चेहरा पडला. नव्या बिऱ्हाडाला पाव-मीठ द्यायची त्यांची रीत, घरात काही उणं पडू नये म्हणून. मला काय कल्पना! भांडण टाळायला गेलो आणि अबोला पदरात पडला.

शेवटी एका रविवारी मी कागदावर आपलं मिठागर काढलं, बांध, खाडी, राशी, आणि जमेल तसं सगळं सांगितलं. बाई हसल्या. म्हणाल्या, झाल्त्समान म्हणजे मीठवाला. त्यांच्या खोऱ्यात खाऱ्या पाण्याचे झरे. पूर्वज ते पाणी कढयांत आटवून मीठ विकायचे. आपल्या गावांत दगड भिरकावला तर म्हात्र्याला लागावा, तसे तिथे झाल्त्समान. लांब जावं तसे विरळ होत जातात. काही अमेरिकेलाही गेले. कढया मात्र केव्हाच थंड झाल्या होत्या, उरलं होतं ते आडनाव.

काही वर्षांनी घरी आलो तेव्हा हे बाला सांगितलं. चुलीवर आटवूनही मीठ बनतं यावर त्याचा आधी विश्वासच बसेना. मग त्याने विचारलं, "आन लांब गेलेली मानसं? ती पन त्येच नाव लावतात?"

"लावतात ना."

 परत निघालो तेव्हा या वेळी बा एस.टी.पर्यंत आला. फडक्यात बांधलेलं मीठ त्याने स्टँडच्या कट्ट्यावर ठेवलं. "उचल. त्या बाईला दे. हातात देऊ नको, खाली ठेव. आपल्यातलीच हाय ती."

मी ती पुरचुंडी झाल्त्समानबाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी हात पुढे केला नाही. मी बाजूला होईपर्यंत थांबल्या आणि मग स्वतः उचलली. उकडलेल्या बटाट्यांवर आपलं जाडं मीठ घालून आम्ही दोघं जेवलो. परक्या मुलखात त्या दिवशी मला पहिल्यांदा घरी असल्यासारखं वाटलं.

इकडे कुणी घर विचारलं तर मी अजून पनवेलच सांगतो. तुम्ही गावाकडे जाल तेव्हा बाला एवढा निरोप द्या, मी अजून कुणाच्या हातून मीठ घेत नाही.