दुरुस्ती सरांचा उजवा हात

माझ्या मावशीच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, सगळे ‘दुरुस्ती सर’ म्हणत. शहराबाहेर जाळी लावलेला एक लांबलचक पट्टा आहे. तिथे चटयांची रांग आणि चेंडूंनी भरलेल्या बादल्या. गोल्फची काठी हातात धरून ज्यांनी स्वतःचा स्विंग, म्हणजे काठी फिरवायची ढब, पार बिघडवून घेतलीय, असे लोक तिथे यायचे आणि काका त्यांना दुरुस्त करायचे. बावीस वर्षं केलं. आता खिडकीपाशी बसतात, उजवा हात डाव्याखाली दाबून.

“चूक एकच असते, बाकीच्या तिच्या लेकीबाळी. आईला गाठा, पोरी आपोआप घरी जातात.” हे ते नाकातून, शेवटचा शब्द अर्धा गिळून म्हणायचे.

औषधं सगळी घरगुती. चेंडू उजवीकडे वळत पळतोय? चेंडूच्या पलीकडे चार बोटांवर चपलांचा रिकामा खोका ठेवायचा. काठी बाहेरून आत आली की खोका उडणार. फटक्याच्या वेळी कंबर पुढे सरकते? मागे खुर्ची, आणि बूड शेवटपर्यंत तिला टेकलेलं. कोपरं पंखांसारखी उघडतात? दोन्ही काखांत टॉवेल दाबायचा. पडला की पुन्हा पहिल्यापासून. एका जाडजूड कंत्राटदाराला ते म्हणाले होते, “साहेब, चेंडू मारताय की झुरळ? झुरळ असतं तर मेलं असतं. चेंडू हसतोय.”

आणि प्रत्येक वेळी स्वतः एक फटका मारून दाखवायचे. “नुसता सांगतो तो ज्योतिषी,” म्हणायचे.

मग गेल्या वर्षी त्यांचा स्वतःचाच चेंडू नेहमीच्या जागेच्या अलीकडे पडायला लागला. निदान त्यांनीच केलं: मूठ आवळली जातेय. उपाय: झाकण काढलेली टूथपेस्टची ट्यूब काठीसारखी धरून फिरवायची, पेस्ट बाहेर येता कामा नये. बाथरूमभर पेस्ट.

“अहो, दात घासायला काही ठेवणार आहात का?” मावशी म्हणायची.

“थांब गं. पंधरा दिवसांत बसवतो.”

मग दोन्ही पाय जुळवून तोल सांभाळायचा सराव, रोज दोनशे वेळा. पंधरा दिवसांचे आठ महिने झाले.

मावशी नर्स आहे, तीसुद्धा मेंदूच्या विकारांच्या वॉर्डात. पण घरी काकांचा उजवा हात कायम खिशात, नाहीतर वर्तमानपत्राखाली. जेवताना, काम करताना तो शहाण्यासारखा वागायचा.

एका रविवारी दुपारी सगळे आमच्याकडे होते. आई म्हणाली, “कर गं काकांची नक्कल.” दर सुट्टीत मी रोज काकांच्या मैदानावर जाऊन बसायचे, त्यामुळे माल ताजा होता. कंत्राटदार केला. मग काका केले. सगळ्यांत जास्त काकाच हसले. मग मी दोन फटक्यांच्या मधले काका केले: उजवा हात बाजूला लोंबतोय, अंगठा बोटावर फिरतोय, जणू कागदाची बारीक गोळी वळतायत. नंतर पुढच्या चटईकडे जाणारे काका: पावलं आखूड, डावा हात झुलतोय, उजवा नाही.

मावशी हसायची थांबली.

“हे कुठून आणलंस?”

“आणायचं काय त्यात? काका असंच करतात.”

“कधीपासून?”

“सुट्टी लागल्यापासून,” मी खुशीत म्हणाले. “आधी नुसता अंगठा होता. आता चालसुद्धा आलीय.”

काका उठले. शिकाऊ माणसाच्या बाजूला उभे राहायचे तसे माझ्या बाजूला उभे राहिले. “परत कर.”

मी केलं. त्यांनी पायांपासून वर बघत आणलं आणि हातावर थांबले. मोबाइलवर स्वतःचा फटका त्यांनी शंभरदा पाहिला होता. दोन फटक्यांमधला माणूस कधी पाहिला नव्हता.

“हे मुठीचं नाही,” ते म्हणाले.

“नाही,” मावशी म्हणाली. तिचा आवाज वॉर्डातला होता.

मी सवयीनं विचारलं, “मग यावर काय करायचं, काका?”

“यावर माझ्याकडे काही नाही, बाळा.”

डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, गोळ्यांनी बरं वाटेल. आजार हळू चालेल, पण चालत राहील. दोन महिने काकांनी नुसतं सांगून शिकवलं. मग एक दिवस कंत्राटदार अगदी अदबीनं म्हणाला, “सर, एकदा मारून दाखवा ना.” काकांनी काठी घेतली. चेंडूपाशी उभे राहिले. काठीचं टोक चटईवर टकटक वाजत राहिलं, आणि कंत्राटदार उगाच बुटाची नाडी बांधायला वाकला. काकांनी काठी बादलीत उभी केली आणि घरी आले. परत गेले नाहीत.

ती नक्कल मी सोडून दिली होती. गेल्या आठवड्यात मावशी ड्यूटीवर असताना मी त्यांच्याजवळ बसले होते, तेव्हा ते म्हणाले, “तुझ्याकडे माझा आधीचा फटका असेल ना? मागच्या वर्षाच्याही आधीचा?”

“आहे.”

“दाखव.”

मी दारामागची छत्री घेतली. पाय रोवले, खांदे सैल सोडले, ते घ्यायचे तसा अर्धा श्वास घेतला. छत्री मागे सावकाश, पुढे एकदम, आणि शेवटी सगळं वजन डाव्या पायावर, हात खांद्याशी स्थिर. खिडकीकडे बघायची हिंमत झाली नाही.

“अजून एकदा,” ते म्हणाले.

मी केलं. मग पुन्हा केलं. हात भरून आले तरी करत राहिले. ते थांब म्हणालेच नाहीत.