बुलडोझरवालीची शेगडी

खाणीवर तिला सगळे बुलडोझरवाली म्हणत. खाणीतून निघालेला कोळसा मैदानात डोंगरासारखा रचला जाई. त्यावर बुलडोझर चढवून थरावर थर घट्ट दाबायचे, हे तिचं काम. ढीग सैल राहिला की आत हवा शिरते, कोळसा आतल्या आत तापतो आणि एक दिवस आपोआप पेटतो. तिचा ढीग आजवर कधी पेटला नव्हता आणि याचा तिला केवढा तोरा!

सासूबाईंपुढे मात्र हा तोरा चालत नव्हता. "मशीन हाकणारी सून नको," म्हणून त्या लग्नालाही आल्या नव्हत्या. मुलाने मिनतवाऱ्या केल्या, तेव्हा कुठे आज पहिल्यांदा घरी आल्या. खुर्चीच्या कडेला टेकत म्हणाल्या, "चहा घेते आणि निघते."

नेमका तेव्हाच गॅस संपला. नवऱ्याचा चेहरा पडला.

"अहो, घाबरता काय? कोळशाच्या गावात राहतो आपण!"

मागच्या अंगणात जुनी शेगडी होती. तिने मन लावून ती भरली. आधी मोठे खडे, मग फटींमध्ये चुरा, वरून बत्त्याने ठोकून सगळं कसं सपाट केलं. खालून चिंध्या पेटवल्या. धूर झाला, कोळसा ढिम्म. ती फुंकतेय, नवरा पुठ्ठ्याने वारा घालतोय, दोघांची तोंडं काळीठिक्कर.

धुराच्या वासाने सासूबाई बाहेर आल्या. वाकून पाहिलं.

"अगं बाई, शेगडी भरलीस की रस्ता केलास?"

क्षणभर तिला उमजेना. मग तिने कपाळावर हात मारला. "आई, दिवसभर कोळसा पेटू नये म्हणूनच झटते हो मी! हात आपले तेच करत बसले."

सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले, पण हसू काही आवरेना. पदर खोचून त्यांनी तिथेच बसकण मारली. "काढ सगळा. खडा खड्याला नुसता टेकव. मध्ये वाऱ्याला वाट ठेव."

दोघींनी मिळून शेगडी पुन्हा भरली. कोळसा लालबुंद झाला, चहा उकळला. सासूबाईंनी दुसरा कपही मागून घेतला.

"आई, तुझी गाडी," मुलाने आठवण करून दिली.

"जाईल ती. तू गप रे." त्या सुनेकडे वळल्या. "तुझ्या त्या मशीनवर शेजारी कुणी बसू शकतं का गं?"

"एकच सीट आहे, आई."

"मग लांब उभी राहून बघेन. उद्या किती वाजता निघतेस?"