खाडीचं पाणी फेकू नका

मंगळवारी सकाळी जोशी सर गेले. शुक्रवारी त्यांचा रिपोर्ट द्यायचा होता.

रिपोर्ट कोकणातल्या एका खाडीचा. मच्छीमारांसाठी जेट्टी बांधायची आहे, ती गाळानं भरेल का, एवढाच प्रश्न. आमची लॅब नाशिकला. आमच्याकडे येतो तो धरणांचा गाळ. बावीस वर्षं मी सरांच्या शेजारच्या टेबलावर काम शिकले. त्यांची फाइल उघडायलाच मला अर्धा दिवस लागला.

टेस्ट झालेली होती. काचेच्या उंच नळीत गाळ ढवळायचा आणि तो तळाला बसायला किती वेळ घेतो ते पाहायचं. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच. म्हणजे गाळ तरंगत ओहोटीबरोबर समुद्रात जाणार, जेट्टीला धोका नाही. खाली सरांनी पेन्सिलनं लिहिलं होतं, 'पाणी?'

लॅब असिस्टंट गावितमामांना विचारलं, "मामा, गाळ धुतला होता?"

"तीन पाण्यांनी, नेहमीसारखा. मीठ ठेवून काय लोणचं घालायचंय, मॅडम?"

मी कपाटाकडे धावलेच. खालच्या कप्प्यात सरांचा कॅन होता. वर चिठ्ठी, 'खाडीचं पाणी. फेकू नका.'

न धुतलेला गाळ थोडा शिल्लक होता. तो त्या पाण्यात ढवळला आणि नळीसमोर बसले. गोड्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना दूर ढकलतात. मिठानं ते ढकलणं कमी होतं. कण भेटले की चिकटतात, पुंजका जड होऊन खाली येतो. पुस्तकात कितीदा वाचलेलं. आता ते माझ्यासमोर घडत होतं.

"दूध नासलं की हो," मामा म्हणाले.

अर्ध्या तासात वरचं पाणी नितळ.

लॅबचे प्रमुख पवारसाहेबांना बोलावलं. "म्हणजे आपली पद्धत चुकीची?"

"पद्धत धरणाची आहे, सर. गाळ खाडीचा."

"पुन्हा करा. माझ्यासमोर."

स्टूल ओढून ते बसले. चहा गार झाला, तरी उठले नाहीत. शेवटी नकाशा मागवला. जेट्टीची जागा वळणाच्या आत होती. भरती संपून ओहोटी सुरू होईपर्यंत तिथलं पाणी सगळ्यात जास्त वेळ थांबतं. पुंजके तिथेच बसणार.

"मी सही करणार होतो," साहेब म्हणाले. "लोकांनी चिखलातून होड्या ओढल्या असत्या."

रिपोर्ट सोमवारी गेला, सरांच्या नावानं. जेट्टी वळणाबाहेर, वाहत्या पाण्यात झाली. आता नमुन्याबरोबर तिथलं पाणीही आणायचं, असा लॅबचा नियम आहे.

सरांच्या कॅनमध्ये दोन बोटं पाणी उरलं आहे.