दोरा ओवतानाची मान

छोट्या धावपट्टीच्या कडेला, विमानाच्या शेडला चिकटून असलेल्या खोलीत शिवणकाकूंचं मशीन एकवीस वर्षं चालू होतं. आकाशातून उड्या मारणाऱ्यांचे अंगभर सूट त्या शिवायच्या, उसवलेले दुरुस्त करायच्या. कोण कसं उतरतं, हे त्यांना कपड्यांवरून कळायचं. गुडघे झिजलेले असले तर माणूस घाईचा. बुडाला गवताचे हिरवे डाग असले तर नवखा. आपले टाके रोज वर जाऊन येतात आणि आपण मात्र छताचा पंखा बघत बसतो, याचा एके दिवशी त्यांना रागच आला. त्यांनी उड्यांच्या क्लबच्या वहीत स्वतःचं नाव लिहिलं. शनिवार, पहिली फेरी.

उडी एकटीने मारायची नव्हती. प्रशिक्षकाच्या छातीला पट्ट्यांनी बांधून घ्यायचं. पॅराशूट त्याच्या पाठीवर. काकूंचं काम एवढंच, की विमानाच्या दारातून सुटताना कंबर पुढे काढायची, पाय मुडपून मागे घ्यायचे आणि मान मागे टाकून त्याच्या खांद्यावर टेकवायची.

तिथेच घोडं अडलं. सोमवारपासून सराव चालला होता. प्रशिक्षक मागे उभा राहून "कमान!" म्हणाला, की काकूंची मान मशीनवर वाकावी तशी खाली जायची आणि उजवा पाय आपोआप पेडल दाबायला लागायचा.

"काकू, वर जाऊन ढग शिवणार आहात का?"

"तुझी पँट मी तीनदा कंबरेत सैल केलीये, विसरू नकोस."

तो हसला. शुक्रवारी मात्र हसला नाही. "दारात अशा वाकलात तर दोघं कोलांट्या खात जाऊ. उद्या सकाळी सलग तीनदा जमलं तर नेईन, नाहीतर नाव खोडावं लागेल. राग मानू नका."

"पेन विसरून ये," काकू म्हणाल्या. "लागणार नाही."

संध्याकाळी काकू घरी आल्या. यजमानांनी शर्ट पुढे केला. कॉलरखालचं बटण लोंबत होतं.

"तेहतीस वर्षं सांगतोय, जरा मान वर करून बघत जा. माझं ऐकलं नाहीस, त्या पोराचं काय ऐकणार?"

"अहो, दिव्याच्या उजेडातून बाजूला व्हा आधी."

चष्मा कामावरच राहिला होता. काकूंनी सुई हातभर लांब धरली. तरी भोक दिसेना, म्हणून मान मागे टाकली, आणखी मागे. पोट पुढे आलं. दोरा आत गेला आणि काकू तशाच थांबल्या. उजवा पाय गप्प होता. दोरा ओवताना तो कधीच पेडलवर नसायचा.

"काय झालं? लचक भरली का?"

"नाही हो. सापडलं."

शनिवारी सकाळी प्रशिक्षक मागे उभा राहिला. "कमान!" काकूंनी मनातल्या मनात डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, एक सुई धरली. एकदा, दोनदा, तीनदा. मान बरोबर त्याच्या खांद्यावर.

"एका दिवसात काय केलंत, काकू?"

"बटण लावलं."

त्याने पट्टे चढवले, कड्या अडकवल्या, प्रत्येक पट्टा ओढून पाहिला. हे पट्टे काकूंनी शिवलेले नव्हते. ते तयार यायचे, दूरच्या कुठल्या तरी कारखान्यातून. त्यांनी खांद्यावरच्या शिवणीवर अंगठ्याचं नख फिरवलं. टाके एकसारखे, पुन्हा उलटून घातलेले, कुठे ढील नाही. ज्या कुणी बाईने घातले असतील तिने मन लावून घातले होते. काकूंनी मान डोलावली, जणू शेजारच्या मशीनवरच्या बाईला.

कुंपणापाशी यजमान उभे होते. काकूंनी चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.

"खाली आल्यावर मला ओळखशील ना?" यजमानांनी विचारलं.

"बोलत राहा म्हणजे झालं. तुम्हाला कुठे थांबता येतं!"

आणि त्या विमानाकडे निघाल्या, मान सरळ ठेवून.