उतू न गेलेलं दूध

थोरल्या भावाने भिलाईच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर नोकरी केली ती वितळलेल्या पोलादाचं तापमान घेण्यात. निवृत्त झाल्यावर त्याने सेक्टर 10 च्या बाजारात कॉफीचं दुकान काढलं आणि दुधाचं तापमान घेऊ लागला. रायपूरला जाऊन रीतसर शिकून आला होता. दूध साठ-पासष्ट अंशांपर्यंतच तापवायचं. त्यापुढे त्याचा गोडवा मरतो, फेस मोडतो. साठीनंतर बिघाड सुरू होतो, हे तो निवृत्त माणूस इतक्या गंभीरपणे सांगे की हसायचीही चोरी.

उद्घाटनाला फीत होती, शाल होती, नारळ होता. प्रमुख पाहुणे तेवढे नव्हते. त्यांची वाट बघत सगळे उभे असताना आई आली. हातात दूध तापवायचा नवीन गंज, गंजाला हळदीकुंकवाची बोटं, आत दूध. नव्या जागेत शिरताना दूध उतू घालायचं, ही आमच्या घरची रीत. क्वार्टर मिळालं तेव्हा घातलं होतं, भावाचं लग्न होऊन वेगळी चूल मांडली तेव्हाही.

"चूल कुठी हाय रे?" तिने विचारलं.

"माय, इथं चूल नाही. मशीन हाय. वाफेनं तापते."

"मंग उतू कसं जाईन?"

"जातच नाही. इथं दूध उकळूच देत नाही. उकळलं का बिघडलं."

"उकळल्यानं बिघडते?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी फितीकडे पाहत होते.

"कॉफीचं बिघडते," भाऊ म्हणाला. "आता राहू दे ना माय, पाहुणे येऊन राहिले."

"बरं," आई म्हणाली. गंजावर ताटली झाकली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर तो मांडीत धरून बसली. पाहुणे आले, पोलादी शहराच्या पोलादी जिद्दीवर बोलले, आणि कॉफी पुढे केल्यावर बिनसाखरेचा चहा मिळेल का म्हणाले. आईने त्या दुधाला घरी नेऊन विरजण लावलं. पुन्हा ती दुकानात गेली नाही. रुसली असंही नाही. कोणी विचारलं तर "गुडघे दुखते" म्हणायची. गुडघे खरंच दुखत होते, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

दुकान चाललं नाही. भिलाईच्या माणसाला ओठ भाजल्याशिवाय काही प्यायल्यासारखं वाटत नाही. "भैया, ठंडी है, जरा गरम करके लाओ," असं म्हणत कप परत येत. भाऊ आधी समजावून सांगायचा, मग थर्मामीटर दाखवायचा. थर्मामीटर पाहून मत बदललेलं गिऱ्हाईक मला तरी आठवत नाही. शेवटी तो मागेल तितकं तापवून देऊ लागला. मग फेस बसायचा, दुधाला करपट वास यायचा, आणि ज्यांना चांगली कॉफी कळायची ती दोन-चार माणसंही यायची थांबली.

दूध उतू घातलं असतं तर दुकान चाललं असतं, असं मी मानत नाही. भाऊही मानत नव्हता. पण जागा रिकामी करायच्या दिवशी तो स्कूटरवर आईला घेऊन आला. पायाशी घरची विजेची शेगडी आणि तोच गंज.

"घाल आता उतू," म्हणाला.

आईने रिकाम्या भिंतींवरून नजर फिरवली. "येताना घालते रे बाबा. जाताना नाही घालत."

तोवर भावाने शेगडी लावून वर दूध ठेवलंही होतं. तो बंद करायला वाकला तशी आई म्हणाली, "आता आलीच हावो तं तुही ते कॉफी दे."

मशीन आदल्या दिवशीच विकलं गेलं होतं. भावाने खिशातून थर्मामीटर काढून दुधात धरलं आणि वाट पाहिली. साठ झाल्यावर गंज उतरवला, खोक्यातून कॉफीची उरलेली पूड शोधली, फेस यावा म्हणून चमच्याने घुसळत राहिला. फेस काही आला नाही.

आईने घोट घेतला. भाऊ तिच्या तोंडाकडे बघत होता.

"कोमट हाय," ती म्हणाली, आणि सगळी प्यायली.