क्षयासुराने मरायला नकार दिला

दत्ताराम परबांना देवाने दोन गोष्टी सढळ हाताने दिल्या, आवाज आणि हट्ट. आवाज दशावतारात कामाला यायचा आणि हट्ट उरलेल्या वेळी. विक्रोळीच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं फिटर म्हणून काढली, पण आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांची ओळख राक्षस हीच. दर सव्वीस जानेवारीला सत्यनारायण झाला की अंगणात दशावतार होतो आणि त्यातला राक्षस बावीस वर्षं दत्ताकाकाच मरत आलेत. मी प्रबुद्ध, त्यांचा शेजारी. पूजेला मी जात नाही, नाटकाला जातो. प्रसादाचा शिरा मात्र सोडत नाही.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथा काय ते आधी ठरतं, संवाद ज्याला जसे सुचतील तसे. नियम एकच, राक्षस शेवटी मरतो.

गेल्याच्या गेल्या सप्टेंबरात काकांना टीबी निघाला. महापालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या ताईंनी सहा महिने रोज गोळ्या घ्यायला सांगितल्या आणि दम भरला, की मधेच सोडल्या तर रोग परत येईल आणि मग साध्या औषधाला भीक घालणार नाही. लघवी केशरी होईल, घाबरू नका, असंही सांगितलं. काका घाबरले नाहीत. पहिल्या दिवशी संडासातून बाहेर येऊन त्यांनी अख्ख्या गॅलरीला तिचा रंग वर्णन करून सांगितला. लोक चहा पीत होते.

नलिनीकाकू रोज सकाळी नवऱ्याच्या तळहातावर तीन गोळ्या ठेवायच्या. घरात तिसरं माणूस म्हणजे नात तेजल. आईवडील बदलापूरला, ही घाटकोपरला बारावी सायन्सला, म्हणून आजीआजोबांकडे राहायची. खोली एकच. आजोबा खोकले तर तो खोकला तिच्या उशीपर्यंत पोचणार, इतकी खोली लहान.

तेजलला जपानी चित्रकथांचं वेड. शरीरातल्या पेशींना माणसं करून विनोदातून जीवशास्त्र शिकवणाऱ्या चित्रकथा असतात, त्या ती जेवताना वाचायची आणि काकूंचा ओरडा खायची. आजोबांचा टीबी निघाल्यावर तिने स्वतःचीच एक काढायला घेतली, मराठीत. तिच्या वहीत तांबड्या पेशी रिक्षावाले होत्या. ऑक्सिजन घेऊन फुप्फुसातून निघायच्या आणि पायाच्या करंगळीचं भाडं म्हटलं की "उधर नहीं जाएगा" म्हणायच्या. रक्त गोठवणाऱ्या पेशी म्हणजे नळावरच्या बायका. जखम झाली की हंडे लावून अशा काही उभ्या राहायच्या, की पुढे मुंगी जाईना. पांढरी पेशी सोसायटीचा वॉचमन. आणि टीबीचा जंतू म्हणजे क्षयासुर, मेणाचा रेनकोट घातलेला. वॉचमन त्याला गिळायचा, पण मेण पचायचं नाही, म्हणून हा आत बसून झोपा काढायचा.

वही बघून कमिटी खूश झाली. त्या वर्षी हाच दशावतार करायचं ठरलं. क्षयासुर अर्थातच दत्ताकाका. चौथ्या मजल्यावरचा रिक्षावाला विशाल झाला गोळीदेवी, चार हातांची, कारण प्रत्येक गोळीत औषधं चार. माझी उंची सहा फूट, म्हणून मी वॉचमन. ऑफिसातही मला कुणी दुसरं काही समजत नाही.

तालमीच्या पहिल्या आठवड्यात काका मला म्हणाले, तोंडाला लावायचा सफेदा माझ्या घरून घेऊन ये. मी त्यांची रंगाची पत्र्याची पेटी उघडली. सफेद्याच्या डब्याखाली गोळ्याच गोळ्या. काकूंसमोर तोंडात टाकायच्या, जिभेखाली धरायच्या, गॅलरीत येऊन थुंकायच्या आणि पेटीत लपवायच्या, असा हा उद्योग डिसेंबरापासून चालला होता.

मी जाब विचारला. काका म्हणाले, दोन महिन्यांत खोकला गेला, वजन वाढलं, मग कशाला? खरं कारण त्यांनी पाच मिनिटांनी सांगितलं. गोळ्यांनी तोंडाची चव गेली होती. काकूंनी केलेलं बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं त्यांना पुठ्ठ्यासारखं लागत होतं. मालवणी माणूस फुप्फुसाशिवाय जगेल, बांगड्याशिवाय नाही, असा त्यांचा एकंदर हिशेब. कुणाला सांगशील तर तेजलची शपथ, असंही म्हणाले. मी शपथा मानत नाही. तरी गप्प बसलो, कारण नाटक तोंडावर असताना त्यांचा मुखवटा उतरवून भांडण कोण ओढवून घेणार? आणि मग पंधरा दिवसांनी काका पुन्हा बारीक खोकू लागले. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. त्याच खोलीत ती पोरगी अभ्यास करत बसलेली असायची. मला माझीच लाज वाटायची, आणि तरी मी गप्पच.

नाटकाच्या आदल्या दिवशी काकांनी पहिल्यांदा ती वही हातात घेतली. तोवर त्यांनी कथा फक्त ऐकली होती, राक्षसाने वाचायचं नसतं म्हणे. वही संपवून ते तेजलला म्हणाले, झकास गं, पण कथा चुकली. तुझा क्षयासुर सुरुवातीला मेलेला असतो, मग झोपतो, मग उठतो आणि शेवटच्या पानावर छाताडावर बसून हसतो. देवी कुठेतरी मधेच घरी निघून जाते.

तेजल खो खो हसली. जपानी चित्रकथा उजवीकडून उघडतात, मीही तशीच काढलीय, ती म्हणाली. आजोबांनी डावीकडून वाचली होती, म्हणजे अख्खी गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे. मग जराशी थांबून म्हणाली, "पण तुम्ही वाचलंत तसंही होतं हं आजोबा. गोळ्या मधेच सोडणाऱ्यांचं अस्संच होतं."

काकांनी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला अंगण भरलं. निळा रेनकोट, काळ्या मिशा, पांढरा रंग फासलेला क्षयासुर गर्जना करत आला. मी रजिस्टर पुढे करून कुठे जायचंय विचारलं, त्याने फुप्फुस म्हणून सांगितलं, मी मोबाईल नंबर मागितला. लोक पोट धरून हसत होते. शेवटी विशाल चार हात सावरत आला, दोन खांद्यावरून निसटत होते. त्याने तलवार मारली. आता काकांनी पडायचं.

ते पडले नाहीत. तलवार हाताने बाजूला सारून म्हणाले, "मी मरूचंय नाय. माका मारतली कोण? ह्या दत्तारामान पन्नास दिस गोळी खाल्ल्यान नाय."

लोक आणखी हसले. विशाल माझ्याकडे बघायला लागला.

"हसा," काका म्हणाले. "बायलेक फसयल्यान, नातीक फसयल्यान. कित्याक? तर बांगडो गोड लागना." मग ते आत गेले, पत्र्याची पेटी घेऊन आले आणि रंगमंचावर उपडी केली. सफेदा, काजळ, मिशा आणि त्यांच्यावरून घरंगळत गेलेल्या गोळ्या. एक नलिनीकाकूंच्या पायाशी येऊन थांबली. काकूंनी ती उचलली, ओळखली, आणि अंगणातलं हसू बंद झालं.

काका उभे होते, घामाने तोंडावरचा रंग ओघळत होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना पुढचं वाक्य सुचत नव्हतं. मलाही राहवलं नाही. वॉचमनचं रजिस्टर खाली ठेवून मी माइकवर सांगितलं, की मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. मारायचं तर मला पण मारा.

तेजल पुढच्या रांगेतून उठून रंगमंचावर आली. चेहरा लाल झाला होता. आजोबांच्या समोर उभी राहून तिने एवढंच सांगितलं, "उद्या नऊ वाजता केंद्रात. मी घेऊन जाणार."

"जातंय," क्षयासुर बारीक आवाजात म्हणाला. पडदा पाडला. राक्षस जिवंत राहिलेला तो आमच्याकडचा पहिलाच दशावतार.

केंद्रात ताईंनी काकांना सर्वांसमोर झापलं आणि पुन्हा थुंकी तपासली. नशीब थोर, औषधं अजून लागू होती. तेजलची तपासणी झाली, ती ठणठणीत निघाली, ते ऐकून काका बाकावर बसून ढसाढसा रडले. कानामागे आदल्या दिवशीचा सफेदा तसाच होता. गोळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. या वेळी काकू "आ करा" म्हणून टॉर्च मारून जिभेखाली बघायच्या. जुलैअखेर औषध संपलं, ऑगस्टात बोटी दर्यावर गेल्या, आणि एका रविवारी काकांनी तिखल्यातले पाच बांगडे एकट्याने संपवले. लघवीचा रंग कसा होता ते या वेळी सांगितलं नाही, चव मात्र गॅलरीभर सांगितली.

या सव्वीस जानेवारीला क्षयासुर परत आला. देवीने तलवार मारली आणि काका मरायला लागले. तडफडले, उठले, पुन्हा पडले, बारा मिनिटं झाली तरी मरेनात. शेवटी नलिनीकाकूच समोरून म्हणाल्या, "अहो, मरा की आता."

ते आडवे झाले. वॉचमन म्हणून नाडी बघायला मी वाकलो, तर मेलेला राक्षस ओठ न हलवता म्हणाला, "तेजल बघता मा?"

मी समोर पाहिलं. हसत होती आणि ओढणीने डोळे पुसत होती. बघतेय, मी सांगितलं.

मग काका उठले आणि तिच्यासाठी आणखी एकदा मेले.